बातमीनंतरचे कोट

कोटमास्तरच्या दुकानात भांडण झालं नाही असा दिवस शेजारच्या कुलूपवाल्याला आठवत नसे. मास्तरकडे कोट शिवायला टाकणं म्हणजे डोक्याला ताप, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि तरी लोक त्याच्याकडेच यायचे. कापड टेबलावर पडलं रे पडलं की पहिली ठिणगी. "हे कापड कुणी गळ्यात मारलं तुमच्या? पोतं शिवायचंय का?" माप घेताना दुसरी. "पोट आत ओढू नका. आहे तेवढं बाहेर राहू द्या, मला तेवढंच झाकायचंय." आणि कच्च्या शिलाईचा कोट अंगावर चढवून ट्रायल सुरू झाली की मग विचारूच नका. गिऱ्हाईक म्हणणार, बाही लांब झाली. मास्तर म्हणणार, तुमचा हातच आखूड आहे. गिऱ्हाईक म्हणणार, पाठीत ओढतोय. मास्तर म्हणणार, मग ताठ उभे राहा की! दोघांचे आवाज चढायचे, कुलूपवाला आपली कानस थांबवून मजा ऐकायचा, आणि शेवटी मास्तर ओठांत टाचण्या धरून गप्प व्हायचा. टाचण्या तोंडात घेतल्या की समजायचं, त्याला पटलं. मग खडूची खूण आणि उसवणं. गिऱ्हाइकाचं बहुतेक वेळा बरोबरच असायचं. ते कबूल मात्र त्यानं जन्मात केलं नाही.

लहानपणी तापात त्याचा उजवा पाय गेला होता. गेला म्हणजे होता जागच्या जागी, पण वाळकी काटकी, उपयोग शून्य. उजव्या काखेत कुबडी आणि सगळा भार तिच्यावर. शिलाईच्या मशीनला त्यानं मोटर बसवून घेतली होती, कापायच्या टेबलाचे पाय स्वतःच्या कमरेच्या बेतानं कमी करून घेतले होते. विषय संपला. कुलूपवाला त्याला 'तीनपाय्या' म्हणायचा, दोन पाय आणि एक कुबडी असा हिशेब लावून. "ए तीनपाय्या, चहा घेतोस का?" आणि मास्तर आतूनच ओरडायचा, "आधी तोंडात दात बसव, बोळक्या, मग दुसऱ्याचे पाय मोज!" याच्यापलीकडे त्या पायाची चर्चा गल्लीत कधी झाली नाही.

एक गोष्ट मात्र खरी होती. वर्षानुवर्षं कुबडीवर रेलून मास्तर एका अंगाला कलला होता. मान कलती, तशी नजरही कलती. कोटाचा उजवा खांदा जरासा उतरलेला असला तरी त्याला तो सरळच दिसायचा. टेप लांबी सांगते, कोट अंगावर कसा बसला ते सांगत नाही. ते डोळ्यानंच बघावं लागतं, आणि आपला डोळा इथं दगा देतो हे मास्तरला तरुणपणीच कळून चुकलं होतं. म्हणून तो भांडायचा. गिऱ्हाइकाला इतकं डिवचायचा की ते आरशात डोळे फाडफाडून बघायचं आणि ओरडायचं, "अहो मास्तर, उजवा खांदा पडला की!" मग सुईला, दोऱ्याला आणि कापडाच्या गिरणीला चार शिव्या हासडून तो खांदा उचलायचा. दुसऱ्याच्या डोळ्यानं बघायची त्याची ही रीत होती. ती फक्त एका माणसाला ठाऊक होती, त्याच्या बायकोला.

तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. काजं, अस्तर, बटणं, सगळं हातकाम तिचं. दोघं पूर्वी तयार कपड्यांच्या एकाच कारखान्यात होते. पहिल्याच दिवशी मास्तरनं तिच्या हातचा सदरा उचलून सगळ्यांदेखत विचारलं होतं, "ही काजं आहेत की उंदरानं कुरतडलंय?" तिनं मान वर न करता उत्तर दिलं, "तुमच्या बाहीतून हत्ती जाईल, आधी ते बघा." त्यानं बाही बघितली. हत्ती नाही, पण बैल गेला असता. त्याच बोलण्यावर तो भाळला, आणि तीही त्याच्या फटकळ तोंडावरच भाळली असं ती स्वतः सांगायची. लग्नानंतर प्रत्येक कोट आधी तिच्या डोळ्याखालून जायचा. "उजवा खाली आहे," ती टाका घालता घालता म्हणायची. "तुझी नजर खाली आहे," तो म्हणायचा, आणि उसवायला घ्यायचा.

आणि भांडखोर गिऱ्हाइकांचे मुकुटमणी म्हणजे वकीलसाहेब. कोर्टात घालायचा काळा कोट ते दरवर्षी मास्तरकडूनच शिवून घ्यायचे आणि दरवर्षी आकाशपाताळ एक करायचे. "मास्तर, या कॉलरीखाली वळी पडलीये. मी तुमच्यावर दावा ठोकणार!" "ठोका. फक्त वकील दुसरा बघा, तुम्ही हरता फार." असं चालायचं. वकीलसाहेब तणतणत जायचे, पुन्हा यायचे, पुन्हा ट्रायल, पुन्हा तणतण. शेवटी कोट असा बसायचा की कोर्टातले बाकीचे वकील शिंप्याचा पत्ता विचारायचे.

असं सगळं सुखात चाललेलं असताना एक बातमीदार आला.

पोरगा वाईट नव्हता, हे आधी सांगून टाकतो. अदबीनं बोलणारा, बूट बाहेर काढून आत येणारा. अपंगांसाठीचा कुठलासा दिवस जवळ आला होता आणि त्याच्या साहेबांनी त्याला फर्मावलं होतं, एक माणूस शोधून आण. त्यानं मास्तर आणला. स्टुलावर बसून त्यानं आवाज खाली आणला, आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा, आणि विचारलं, "एवढं सगळं सोसून तुम्ही उभे कसे राहिलात?"

"कुबडीवर," मास्तर म्हणाला.

मास्तरीण फिस्सकन हसली. बातमीदार हसला नाही. त्यानं पुढचं विचारलं, "आयुष्यात सगळ्यात मोठं दुःख कोणतं?"

मास्तरनं खरंच विचार केला. "लोक कापड कमी आणतात. पावणेदोन मीटरमध्ये कोट मागतात आणि वर म्हणतात, उरलेल्यात टोपी होईल का."

बातमीदारानं मान हलवली, पण वहीत काही लिहून घेतलं नाही. फोटोच्या वेळी मास्तरनं अंगातला सदरा बदलला, नुकताच पुरा झालेला कोट पुतळ्यावर चढवला आणि त्याच्या शेजारी ऐटीत उभा राहिला. "कोट राहू द्या," बातमीदार म्हणाला. "तुम्ही इथं पायरीवर बसा. कुबडी पुढं घ्या. आणि कॅमेऱ्याकडं नको, जरा लांब कुठंतरी बघा." मास्तर पायरीवर बसला आणि लांब बघू लागला. समोर कुलूपवाला दात नसलेलं तोंड उघडून हसत होता.

बातमी आली. मथळा होता, 'पायांनी साथ सोडली, पण जिद्दीने नाही!' खाली लिहिलं होतं की क्रूर नियतीनं या अभाग्याचे पाय हिरावून घेतले, तरी अपंगत्वाशी रोजची झुंज देत तो सुई-दोऱ्यानं आपलं फाटकं नशीब शिवत राहिला. सर्वस्वाचा त्याग केलेली पत्नी सावलीसारखी पाठीशी उभी राहिली. जगाच्या उपेक्षेबद्दल बोलताना त्याचे डोळे पाणावले. आणि शेवटी वाचकांना हात जोडून विचारलं होतं, धडधाकट असून तक्रारी करणारे आपण, या माणसाकडून काही शिकणार आहोत का?

"पाय? दोन्ही?" मास्तरीण म्हणाली. "आणि तुम्ही रडलात कधी?"

"लिहिणाऱ्याला दिसलं असेल काहीतरी."

"कोटाबद्दल एक अक्षर नाहीये यात."

"फोटो बघ की. फोटो झकास आलाय," मास्तर म्हणाला. माणूस कितीही फटकळ असो, छापून आलेल्या स्वतःच्या तोंडाचं त्याला कौतुक असतंच. त्यानं बातमी कापली, काच बसवून आणली आणि लावली कुठं, तर ट्रायलच्या कोपऱ्यात. तिथं एक खिळा रिकामा होता, एवढंच कारण. पण तिथं उभं राहिलेल्या प्रत्येकाला आरशात बघता बघता ती वाचावीच लागायची. असला घात स्वतःच्या हातानं करायला कोटमास्तरच लागतो.

आधी आधी बरं वाटलं. लांबून लांबून गिऱ्हाइकं आली. टेबलावर कापडाचे ढीग पडले. लोक हात जोडून नमस्कार करायचे, मास्तर बसलेला असला तर उठू द्यायचे नाहीत, पडलेला खडू धावत जाऊन उचलून द्यायचे. आणि कोट अंगावर चढवला, मास्तरनं नेहमीसारखं डिवचलं, "काय, पोतं झालंय ना?" की ते आरशात बघायचे, मग आरशाशेजारच्या त्या चौकटीकडं बघायचे आणि मऊ आवाजात म्हणायचे, "छे छे, छान झालाय. फारच छान."

मास्तरनं आवाज चढवून बघितला. त्यांनी ऐकून घेतलं. एकाला तो तोंडावर म्हणाला, तुमचे खांदे उंटासारखे आहेत. त्यानं समजूतदारपणे मान डोलावली, जणू एवढं सोसलेल्या माणसानं जगाला बोलायचं नाही तर कुणी बोलायचं. भिंतीशी टेनिस खेळल्यासारखं झालं, आणि भिंतही अशी की चेंडू परत येईना. शेजारी कुलूपवाल्यानं एका सकाळी हाक मारली, "मास्तर, चहा घेणार का?" मास्तरनं वाट पाहिली. पुढं काही आलं नाही. "काय रे बोळक्या, तब्येत बरी आहे ना?" त्यानं विचारलं. कुलूपवाला खाली बघत म्हणाला, "नाही, म्हटलं, आपण काहीबाही बोलत होतो इतकी वर्षं. तुला आत कुठं लागत असेल, कुणाला ठाऊक. पेपरात वाचलं तेव्हा कळलं." मास्तरच्या तोंडून शिवी निघेना. चहा त्यानं घेतला, तो त्याला गेला नाही.

वकीलसाहेबांवर त्याची सगळी भिस्त होती. ते आले, कच्चा कोट अंगात घातला, आरशासमोर उभे राहिले. मास्तर तयारीतच होता. वकीलसाहेबांचे ओठ हलले. मग त्यांची नजर त्या चौकटीवर गेली आणि शेवटच्या ओळीपर्यंत तिथंच राहिली. त्यांनी चष्मा काढून पुसला. "उत्तम," ते म्हणाले. "काही बदलायला नको."

"कॉलरीखाली वळी नाही पडली?" मास्तरनं विचारलं. जवळजवळ विनवलंच.

"नाही हो. उत्तम आहे." आणि टाचण्या काढायच्या आतच ते कोट उतरवू लागले.

पुढच्या वर्षीही तेच झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही. येताना त्यांच्या अंगात जुनाच कोट असायचा, कोपराला चकाकी आलेला. मास्तरनं एकदा विचारलं तर म्हणाले, "नवा जपून ठेवलाय." मास्तरला ते गोड वाटलं. त्यानं मनाची समजूत काढली की हात आता इतका बसलाय की कुणाला बोट ठेवायला जागाच उरली नाही. म्हातारपणी एवढी फुशारकी माणसाला माफ असावी.

मग वकीलसाहेब वारल्याचं कळलं. थोड्या दिवसांनी त्यांच्या पत्नी दुकानात आल्या. हातात मोठी पिशवी. मास्तरीण वरच्या खोलीत होती, दुकानात मास्तर एकटाच.

"यांचे कोट आहेत," त्या म्हणाल्या. "नवेच आहेत. कुणाला होत असतील तर द्या."

मास्तरनं पिशवी उघडली. बातमीनंतर शिवलेले सगळे कोट. घड्या मोडलेल्या नव्हत्या. बाहीच्या टोकाला लावलेली ट्रायलची टाचणी एका कोटात अजून तशीच होती.

"घातलेच नाहीत?" त्यानं विचारलं.

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. खोटं बोलायला शक्ती लागते, आणि ती त्यांच्यात त्या दिवसांत नव्हती. "वळी पडायची ना कॉलरीखाली. उजवा खांदा उतरायचा. कोर्टात जुनाच घालून जायचे."

"मग मला बोलायचं होतं की! इतकी वर्षं बोललेच ना?"

"तेच मनाला लावून घेतलं त्यांनी. ती बातमी वाचली त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, जगानं एवढं छळलेल्या माणसाशी मी दर वर्षी खांद्यावरून भांडलो. मला लाज वाटते. तुमचे डोळे पाणावले होते म्हणे." त्यांनी मास्तरकडं पाहिलं आणि हात जोडले. "त्यांच्या वतीनं मी माफी मागते. दर वर्षी कोट शिवून घ्यायचे ते तुमचं मन राखायला. शेवटपर्यंत राखलं."

त्या गेल्यावर मास्तरनं दाराची कडी लावली, भर दुपारी.

त्यानं एक कोट पुतळ्यावर चढवला आणि कुबडीवर रेलून बघितलं. त्याला कोट बरोबर दिसला. मग त्यानं तो टेबलावर उलटा घातला आणि खांद्याजवळचं अस्तर उसवलं. आत खांद्याच्या गादीवर कापसाची आणखी एक घडी होती. त्यानं न घातलेली. बारीक, तिरक्या टाक्यांनी शिवलेली. तो टाका त्यानं डोळे मिटूनसुद्धा ओळखला असता. त्यानं दुसरा कोट उसवला. त्यातही घडी, जरा जाड. तिसऱ्यात त्याहून जाड.

मास्तरीण जिना उतरून आली तेव्हा तो कापूस टेबलावर ओळीनं मांडून बसला होता. तिनं बघितलं आणि खालच्या पायरीवरच बसली.

"तुला दिसत होतं," मास्तर म्हणाला.

"हो."

"मग बोलली का नाहीस? तूसुद्धा पेपर वाचून मला बिचारा समजायला लागलीस?"

"तुम्हाला नाही हो." तिचा आवाज चिरका झाला. "एकदा बोलले होते. आठवतंय? दुकानात गिऱ्हाईक होतं. मी म्हटलं, खांदा पडलाय, डोळे कुठं ठेवलेत? तो माणूस माझ्या अंगावर आला. म्हणाला, पेपरात तुमच्याबद्दल काय काय लिहिलंय, आणि नवऱ्याशी अशा बोलता? बाहेर बायका माझा हात हातात घेऊन रडायच्या, तुम्ही केवढं केलंत म्हणून. मी काय केलं होतं हो? काजं केली. पण रोज रोज कानावर पडायला लागलं ना, मग मलाच वाटायला लागलं, आपण फार तोंडाळ आहोत. या माणसाला आत काहीतरी दुखत असेल आणि इतकी वर्षं आपल्याला दिसलंच नसेल. मग म्हटलं, न बोलता कापूस घालू."

"कापसानं खांदा उचलला जात नाही. कॉलर उचलली जाते."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडू लागली.

मास्तरला तिच्यावर चिडायचं होतं. आयुष्यभर ज्या रागावर त्याचं दुकान चाललं तो राग त्यानं आत शोधला, आणि तिथं नुसती भीती सापडली. इतके कोट गावभर गेले होते. त्यातले किती जण ते घालत होते? आपला हात कधी बिघडला? बिघडलाय एवढाच, की पार गेलाय? विचारायचं तरी कुणाला? सगळं जग त्याच्याशी गोड बोलत होतं.

"ऊठ," तो म्हणाला. "आत्ता बसवतो हा खांदा. तू बघ आणि खरं सांग. पूर्वीसारखं. मला दयामाया नको."

तिनं डोळे पुसले आणि पुतळ्यासमोर जाऊन उभी राहिली. मास्तरनं कापूस काढून टाकला, बाही उसवली, खांद्याची शिवण मोकळी केली, वर घेतली, टाचली, कच्चा टाका घातला आणि कोट चढवला.

"उजवा खाली आहे," ती म्हणाली.

त्याला बरं वाटलं. किती दिवसांनी ऐकलं हे! "तुझी नजर खाली आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा उसवायला घेतलं. या वेळी त्यानं शिवण आणखी वर घेतली, कुबडी बाजूला ठेवून, टेबलाला टेकून, मान मुद्दाम सरळ धरून. मान सरळ धरली की जगच तिरकं दिसायचं. कमरेत कळ आली, टाचणी दोनदा बोटात घुसली. कोट पुन्हा चढला.

"अजून खाली आहे," ती हळूच म्हणाली. "आणि आता पाठीत पण ओढतोय."

मास्तरनं टाचण्या तोंडात धरल्या. पुन्हा उसवलं. कापडाला आता सुयांची भोकं पडली होती आणि कडांचे धागे सुटायला लागले होते. घाम डोळ्यांत उतरत होता, तो त्यानं बाहीनं पुसला. मास्तरीण त्याच्या हातांकडं बघत होती, पाठीकडं बघत होती. त्यानं तिसऱ्यांदा कोट चढवला आणि धाप लागून स्टुलावर बसला.

"बोल," तो म्हणाला.

ती पुढून बघून आली, मागून बघून आली. कॉलरीवरून तिनं हात फिरवला.

"आता बसला," ती म्हणाली. "छान बसला." आणि खाली वाकून ती दोऱ्याचे तुकडे गोळा करू लागली.

मास्तरनं तिच्या तोंडाकडं बघायचा प्रयत्न केला, पण ते खाली होतं. मग तो कोटाकडं बघत राहिला. तिन्ही वेळा त्याला कोट सारखाच दिसला होता, अगदी बरोबर.